दोस्त की कारखाने?

वादविवाद स्पर्धेत कुठली बाजू घ्यावी यावर भाचा अडलाय: दुसरं महायुद्ध दोस्तांनी जिंकलं की कारखान्यांनी?

वेगात दोस्ती पुढे. करार एका सहीत होतो, कारखाना उभा राहायला वर्षं जातात.

टिकाऊपणात मात्र उलट. इटलीने सप्टेंबर 1943 मध्ये जर्मनीची साथ सोडली. जर्मनीचाच मित्र असलेल्या जपानने तर एप्रिल 1941 मध्येच सोव्हिएत संघाशी तटस्थतेचा करार केलेला. असला मित्र काय कामाचा! यंत्रं अशी पाठ फिरवत नाहीत. 1941 मध्ये जर्मनीने हल्ला केल्यावर रशियनांनी दीड हजारांवर कारखाने सुटे करून रेल्वेने पूर्वेला हलवले आणि तिथे पुन्हा चालू केले.

संख्येत तर प्रश्नच नाही. 1944 मध्ये अमेरिकेने बनवलेली विमानं सुमारे 96,000, जर्मनीची 40,000च्या आसपास.

पण हा माल इतरांच्या आघाडीवर पोचला दोस्तीमुळेच. लेंड-लीज, म्हणजे अमेरिकेने मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवायची योजना, तिच्यातून आलेल्या अमेरिकी स्टुडबेकर ट्रकवर रशियनांनी कात्युशा रॉकेटं चढवली: चाकं एकाची, मारा दुसऱ्याचा.

लांबलेल्या युद्धावर बोलणार असेल तर त्याने कारखाने घ्यावेत. पहिल्या तडाख्यातून सावरण्यावर बोलायचं तर दोस्त. फक्त समोरून 1939चं पोलंड निघेल, ब्रिटन-फ्रान्सशी दोस्ती असूनही एकटं पडलेलं, त्याची तयारी ठेवावी.