एजॅक्सच्या खोक्यातून निघालेली आमची दिल्ली

एअरफिक्स कंपनीचं एचएमएस एजॅक्स ह्या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचं 1/600 स्केलमधलं (खऱ्याच्या सहाशेव्या भागाएवढं) प्लास्टिकचं जोडायचं मॉडेल, जुन्या छपाईचं खोकं, पुण्यातल्या एका माणसाकडून कुरियरसकट साडेतीन हजाराला घेतलं. नारळी पौर्णिमेला सुरू केलं आणि शिमग्याच्या आधी संपवलं. मधे कामधंदा, दिवाळी, दोन लग्नं आणि पंधरा दिवस पावसाने घातलेला घोळ, त्यामुळे सात महिने लागले. नुसतं खोक्यातलं जोडायचं असतं तर महिन्यात झालं असतं.

आधी घेतलं का ते सांगतो. 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन आमच्याकडे सिंधुदुर्गात झाला, तेव्हा आजोबांना घेऊन तारकर्लीला गेलो होतो. आजोबा म्हणजे आईचे वडील, नेव्हीत स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते, आयएनएस दिल्ली ह्या जहाजावर. समोर नवीन जहाजं दिसत होती, सगळे मोबाईल वर धरून उभे, आणि आजोबा परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "आमची दिल्ली अशी खेळण्यातली मिळात काय रे?" ते डोक्यातून गेलंच नाही. दिल्ली नावाचं खोकं मला कुठे दिसलं नाही, पण शोधता शोधता कळलं की दिल्ली म्हणजे आधीची अकिलीस, लिअँडर क्लासची क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका), आणि एजॅक्स तिची सख्खी बहीण, म्हणजे त्याच आराखड्याची. 13 डिसेंबर 1939 ला रिव्हर प्लेटच्या लढाईत एजॅक्स, अकिलीस आणि एक्झेटर या तिघींनी मिळून जर्मनांच्या ग्राफ श्पी ह्या युद्धनौकेला गाठलं, त्यातल्या ह्या दोघी. 1948 मध्ये अकिलीस भारताने घेतली आणि तिची दिल्ली झाली. म्हणजे एजॅक्स घ्यायची आणि तिची दिल्ली करायची, एवढा साधा हिशेब मी केला होता.

खोकं उघडलं तर पहिला धक्का हलचा, म्हणजे जहाजाच्या सांगाड्याच्या दोन बाजूंचा. डावी बाजू नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, आत वळलेली आणि मधोमध फुगलेली. ज्याच्याकडून घेतलं त्याच्या माळ्यावर कित्येक उन्हाळे पत्र्याखाली पडून असणार, पॉलिस्टायरीन उष्णतेने असंच जातं. सूचनांच्या कागदाच्या कडा कसरीने खाल्लेल्या, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) चहाच्या रंगाचे. पण भाग मोजले तर सगळे होते, एकही तुटलेला नाही, त्यामुळे परत पाठवायचं मनात आलं नाही. हल सरळ करायला उकळतं पाणी वापरू नका, हात घालून पटकन काढावा लागेल इतपत कडक पाणी बास होतं. परातीत पाणी, दोन मिनिटं बुडवायची, बाहेर काढून सपाट फळीवर दाबून धरायची, लगेच थंड पाणी. मला चार वेळा करावं लागलं. मग दोन्ही बाजू एकत्र धरून कपड्यांचे चिमटे लावले आणि मॉडेलचं पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिकचा गोंद, ब्रशने फटीत सोडलं, ते आपोआप आत ओढलं जातं आणि प्लास्टिक प्लास्टिकला विरघळून चिकटतं. एका दमात सगळी हल चिकटवायला जाऊ नका, दोन-दोन इंच करत जा, मधे रात्रभर ठेवा.

आता किट म्हणून कसं आहे. खरं जहाज 169 मीटर, म्हणजे मॉडेल 28 सेंटीमीटर, टीव्हीखाली सहज मावेल असं. साचा 60च्या दशकातला, आणि त्या काळच्या मानाने हलचा आकार मला फार आवडला, नाळेचा उतार आणि मागे निमुळती होत गेलेली बाजू, ते बघून ही क्रूझर आहे हे लांबूनही कळतं. पाण्याखालचा भागही आहे, चार पंखे, सुकाणू सगळं. आणि मधलं ते एकच रुंद धुराडं. पहिल्या लिअँडरांचे बॉयलर सगळे पुढच्या भागात एकत्र होते म्हणून धूर एकाच धुराड्यातून काढला, नंतर त्याच आराखड्यावरून ज्या ऑस्ट्रेलियाकडे गेल्या त्यांना दोन धुराडी आली कारण तिथे बॉयलर आणि इंजिनं वेगवेगळी वाटून ठेवली होती. हे माहीत झाल्यावर धुराडं चिकटवताना हात आपोआप हळू चालतो.

बारीक भागांचं मात्र त्या काळाचं गणित आहे. इंजेक्शन साच्यात तेव्हा जेवढं बारीक निघायचं तेवढंच निघतं, त्यामुळे डोलकाठ्या जाड, तोफांच्या नळ्या जाड आणि तोंडं बंद, रेलिंग तर नाहीच. 1/600 मध्ये उभा माणूस तीन मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो, त्याच्या कमरेएवढं रेलिंग प्लास्टिकमध्ये कसं काढणार. तुम्हाला हल्लीच्या किटसारखं खोक्यातूनच सगळं बारीक हवं असेल तर हे घेऊ नका, सरळ सांगतो. पण ज्यांना स्वतः कापायचं, घासायचं, बदलायचं आहे त्यांच्यासाठी असं जुनं, मोजक्या भागांचं किट सोन्यासारखं. नवीन किटमध्ये एकेक भिंत शंभर तुकड्यांची असते, तिथे करवत चालवायची हिंमत होत नाही. इथे प्लास्टिक जाड आहे, बिनधास्त चालवा.

आणि चालवावी लागलीच. सप्टेंबरच्या शेवटी सगळं ड्राय फिट करून, म्हणजे न चिकटवता जुळवून, चारही टरेट (तोफांचे फिरते बुरूज) नुसते ठेवून आजोबांसमोर नेलं. पुढे ए आणि बी, मागे एक्स आणि वाय, किटच्या चित्राप्रमाणे. आजोबांनी चष्मा वर-खाली करून बघितलं, खुश झाले असं मला वाटलं, मग बोट मागच्या बाजूला. "रे बाबू, ह्येच्या पाठी दोन टरेट कित्याक? आमच्या दिल्लीर पाठी एकच होतो." मला वाटलं वय झालंय, चौऱ्याऐंशी, विसरले असतील. घरी येऊन जुने फोटो काढून बसलो तर आजोबा बरोबर. 5 जानेवारी 1943 ला ग्वादलकनालजवळ जपानी बॉम्ब अकिलीसच्या एक्स टरेटवर पडला, आणि नंतर पोर्ट्समथला दुरुस्तीत तो टरेट काढूनच टाकला आणि जागेवर विमानविरोधी तोफा आल्या. विमान आणि ते उडवायचा कॅटापल्टही गेला. म्हणजे भारताला मिळाली तेव्हा ती सहा तोफांची होती, आठ नाही. एजॅक्सच्या खोक्यातली आहे ती 1939 ची आठ तोफांची बहीण.

मग रेझर करवतीने एक्स टरेटचं गोल बूड कापलं. एकदा कापलं की परत नाही, म्हणून तीन दिवस नुसता बघत होतो. कापल्यावर खाली भोक राहिलं ते अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटने बुजवलं, पुट्टी, 400 चा पॉलिश पेपर, मग 800 ओला. त्यावर विमानविरोधी तोफांचा कट्टा शीटमधूनच केला. एजॅक्सचं ते इवलंसं सीफॉक्स विमान दिल्लीला लागत नाही, ते वेगळ्या डबीत ठेवलंय. कॅटापल्ट काढल्यावर धुराड्यामागे मोकळी जागा होते ती आधी विचित्र वाटते, पण फोटोतली दिल्ली तशीच दिसते.

तोफांच्या नळ्यांचं सांगतो कारण ह्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त समाधानही. किटच्या नळ्या मी टरेटच्या तोंडाशी कापल्या. खरी 6 इंची तोफ 50 कॅलिबरची, म्हणजे नळी 6 इंचाच्या पन्नासपट, 7.6 मीटरची, 1/600 मध्ये पावणेतेरा मिलिमीटर, त्यातला बराच भाग टरेटच्या आत. मेडिकलमधून 26 गेजची इंजेक्शनची सुई आणली, बाहेरून साधारण 0.46 मिलिमीटर, आणि पोकळ, त्यामुळे तोफेचं तोंड खरोखर उघडं दिसतं. कापताना पक्कडीने कापाल तर तोंड दाबून बंद होईल, सुई फळीवर गोल फिरवत बारीक कानशीने खाच पाडायची आणि मोडायची. टोक आधी घासून बोथट करा. टरेटच्या दर्शनी बाजूला पिन व्हाईसने (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) भोक, सुपर ग्लूचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब. सहा नळ्यांना दोन रविवार गेले, तिसऱ्या टरेटच्या दोन नळ्या एका पातळीत येईनात म्हणून काढून परत लावल्या.

डोलकाठ्या पितळी तारेच्या केल्या. रिगिंगला, म्हणजे डोलकाठ्यांच्या दोऱ्यांना, ताणलेला स्प्रू (भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडून येतात ती), मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडं वर स्प्रू धरायचा, चमकायला लागला की बाजूला घेऊन शांतपणे ओढायचा, केसासारखी तार येते. पंखा बंद करा, नाहीतर ती उडून जाते आणि शोधत बसावं लागतं. रेलिंग फोटोएचचं (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याचं) पितळेचं मागवलं, ते मात्र किटच्या अर्ध्या किमतीत पडलं. परवडत नसेल तर फक्त पुढच्या आणि मागच्या डेकला लावा, तेवढ्याने पण मॉडेल बदलतं.

रंगाबद्दल कोकणात राहणाऱ्यांनी नीट ऐका. भाद्रपदात, बाहेर रिपरिप चालू असताना मी स्प्रे कॅनचा लॅकर प्रायमर मारला आणि अख्खी हल पांढुरकी, धुक्यासारखी झाली. हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. प्रायमरचा काही दोष नाही, दिवस चुकीचा होता. सगळं घासून काढलं आणि दसऱ्यानंतर कोरडी हवा सुरू झाल्यावर सकाळी अकरा ते दोन मध्ये मारलं, तेव्हा छान बसलं. फिकट राखाडी इनॅमल, दोन पातळ हात, प्रत्येक हाताला दोन दिवस, आमच्या हवेत एका दिवसात वाळतच नाही. पाण्याखाली तांबडा. तो राखाडी आणि तांबड्याच्या मधला पट्टा मास्किंग टेपने सरळ आला की निम्मं जहाज जिंकलं. खारा वारा लागून गंजल्याचे ओघळ फक्त नांगराखाली दिलेत, तेही ऑइल कलरने अगदी थोडे. आजोबांचं म्हणणं दिल्ली कायम घासूनपुसून असायची, त्यामुळे तिथे मी हात आवरला.

किटचे डेकल वापरले नाहीत, पण कोणाला लागले तर पिवळे पडलेले डेकल काचेच्या खिडकीवर उन्हात चिकटवून काही दिवस ठेवले की बरेच पांढरे होतात, वापरायच्या आधी वरून क्लिअर लॅकरचा हात द्या नाहीतर पाण्यात तुकडे होतात. माझ्या दिल्लीला झेंडा लागत होता, आणि तोही 1961 चा. आत्ताचा नौदलाचा झेंडा, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचा, 2 सप्टेंबर 2022 पासूनचा आहे, तो ह्या जहाजावर चुकीचा. पांढऱ्यावर तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा असलेला जुना हवा. पातळ कागदावर प्रिंट काढून, पातळ केलेल्या फेविकॉलने दुमडून, ओला असतानाच लाटेसारखा वळवून ठेवला.

1961 का, तर डिसेंबर 61 ला गोवा मुक्त झाला तेव्हा दिल्ली दीवला होती आणि तिथल्या किल्ल्यावर तिने तोफा डागल्या होत्या. आजोबा तेव्हा खाली होते, त्यांना वरचं काही दिसलं नाही, तोफ उडाली की पायाखालची जाळी हादरायची एवढं ते सांगतात. पूर्ण झालेलं मॉडेल त्यांच्या मांडीवर ठेवलं तेव्हा त्यांनी मागचा तो एकटा टरेट आधी बघितला. मग धुराड्याच्या बुडाशी बोट टेकवलं. "हय. ह्येच्या खाली आमचो बॉयलर." त्यांना मी सांगितलं की दिल्ली 1978 ला सेवेतून काढल्यावर तोच वाय टरेट न्यूझीलंडला भेट दिला आणि ऑकलंडमध्ये डेव्हनपोर्टच्या नौदल तळाशी तो आजही उभा आहे, कारण अकिलीस त्यांचीही होती. फोटो मोठा करून दाखवला तर कितीतरी वेळ मोबाईल हातातून सोडला नाही.

जुनं खोकं दिसलं तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून हलचे दोन्ही तुकडे सपाट टेबलावर ठेवलेला फोटो मागा, वाक किती आहे ते त्यात कळतं, थोडा वाक गरम पाण्याने जातो पण तडा असेल तर सोडून द्या. टरेट आणि पंखे मोजायला सांगा, हेच हरवतात. डेकल आणि सूचनांचा कागद खराब असेल तर किंमत खाली आणा, पण त्यासाठी किट नाकारू नका. आणि घरी आणल्यावर खोक्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाका, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागदाला आणि डेकलला बुरशी लागायला एक आठवडा पुरतो.