झॉर्क वन: पाच महिने खेळल्यावर

जूनमध्ये मोबाईलवर फ्रॉट्झ हे जुने शब्दांचे गेम चालवणारं ॲप टाकून झॉर्क वन सुरू केला आणि परवा रात्री एकदाचे ३५० पैकी ३५० पॉइंट झाले, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. १९८० चा गेम, चित्र एकही नाही. पांढऱ्या घरासमोर तुम्ही उभे, मागच्या खिडकीतून आत शिरायचं, गालिचा सरकवायचा, खालचं झाकण उघडून तळघरात उतरायचं, की वरून झाकण धाडकन बंद! सगळं इंग्रजीत टाइप करायचं पण 'टेक लॅम्प', 'गो नॉर्थ' एवढं साधं चालतं.

नकाशा काढल्याशिवाय खेळू नका. भुलभुलैयात बहुतेक खोल्यांचं वर्णन सारखंच, उत्तरेला गेलात आणि परत दक्षिणेला वळलात तर भलतीकडेच निघता. म्हणून खूण म्हणून प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत जायचं, पण एक चोर फिरत असतो तो त्याच उचलून नेतो, काय चिडचिड होते सांगू! तिथेच एका सांगाड्याजवळ विझलेला कंदील पडलाय. ते वाचून अंगावर काटा आला, आणि थोड्याच वेळात माझ्या कंदिलाची बॅटरी संपली, अंधारात दोन पावलं टाकली तर ग्रूने, म्हणजे अंधारात दबा धरून बसणाऱ्या राक्षसाने, खाल्लं. सेव्ह दोन दिवसांपूर्वीचा. तेव्हापासून चौकटीची वही आणि पेन्सिल, पेन नको, खोडावं लागतंच.

झाडावरचं रत्नजडित अंडं हत्याराने उघडायला जाऊ नका, मी गेले आणि आतला सोन्याचा पक्षी मोडला. असल्या नाजूक कामात कोणाचा हात बसलाय ते शोधा, हे कोडं मला सगळ्यात आवडलं.

मुळात अमेरिकेतल्या एमआयटीतल्या चौघांनी पीडीपी-१० या मोठ्या कॉम्प्युटरवर लिहिलेला हा गेम घरगुती कॉम्प्युटरात मावेना म्हणून त्याचे तीन भाग केले. आणि टीआरएस-८०, ॲपल टू, कमोडोर अशा तेव्हाच्या प्रत्येक घरगुती कॉम्प्युटरसाठी वेगळा लिहायला नको म्हणून झेड-मशीन नावाचा एक काल्पनिक कॉम्प्युटर ठरवला, गेम त्याच्यासाठी लिहायचा आणि खऱ्या मशीनवर फक्त तो चालवणारा छोटा प्रोग्रॅम बसवायचा. फ्रॉट्झ तेच करतं, म्हणून तर तो आज फोनवर चालतो.

एकच तक्रार, ओझ्याची मर्यादा फार कडक आहे, सापडलेला खजिना वर घरातल्या कपाटात आणून ठेवायला खेपा घालून जीव मेटाकुटीला येतो.

शेवट कळायला नको असेल तर इथेच थांबा. ३५० झाले की कानात कोणीतरी कुजबुजतं, मग मी खजिन्याचं कपाट बघितलं तर आत एक जुना नकाशा होता. पाच महिने मी वहीत नकाशे काढले आणि शेवटी गेमनेच मला एक दिला, खरंच डोळ्यात पाणी आलं.