शनिवारचे चरित्र-व्याख्यान : ऑर्व्हिल फ्रीमन

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी अभ्यासिकेने स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी दर शनिवारी चरित्र-व्याख्याने सुरू केली असून, १५० रुपये भरून बाहेरच्या श्रोत्यांनाही ती ऐकता येतात. मी ऐकलेले व्याख्यान मिनेसोटा राज्याचे गव्हर्नर आणि पुढे अमेरिकेचे कृषिमंत्री झालेल्या ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यावर होते. रेशनवरच्या अमेरिकन लाल गव्हाच्या चपात्या ज्यांनी खाल्ल्या आहेत, त्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील गव्हर्नर लोकांमधून निवडून येतो आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवतो, हे वक्त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. त्यामुळे फ्रीमन यांच्या वाटचालीची तुलना त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपालपद भूषवलेल्या डी. वाय. पाटील यांच्याशी न होता, १९६२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतरावांशी झाली, आणि ती योग्यच होती.

पूर्वार्ध उत्तम बांधलेला होता. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली बोगनव्हिल बेटावर फ्रीमन यांच्या जबड्यात गोळी घुसली, त्यांना बोलणे नव्याने शिकावे लागले, आणि तोच माणूस १९६० च्या पक्ष-अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी केनेडींच्या नावाचा प्रस्ताव मांडायला उभा राहिला असता समोरचे भाषण दाखवणारे यंत्र बंद पडले, हा प्रसंग वक्त्यांनी रंगवून सांगितला. त्याहून मोलाचे विवेचन होते ते त्यांच्या पराभवाचे. १९५४ पासून सलग तीन निवडणुका जिंकलेल्या फ्रीमन यांनी १९५९ च्या अखेरीस अल्बर्ट ली येथील मांस-प्रक्रिया कारखान्याच्या संपात लष्करी कायदा पुकारून कारखानाच बंद ठेवला. संघराज्याच्या न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला नाही, आणि पुढच्या वर्षी मतदारांनी त्यांना घरी बसवले. केनेडी मात्र जिंकले आणि जानेवारी १९६१ मध्ये फ्रीमन कृषिमंत्री झाले. पद गमावल्यामुळेच मोठे पद स्वीकारायला मोकळा झालेला हा माणूस परीक्षार्थींना नीट समजावून दिला गेला.

उत्तरार्धाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गरिबांना धान्य घेण्यासाठी कुपने देणारी योजना १९६१ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व १९६४ मध्ये तिचा कायदा झाला, यावर बराच वेळ गेला आणि भारताचा भाग शेवटी घाईत उरकला गेला. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे फ्रीमन आणि आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्यात करार झाला. खते, सुधारित बियाणे आणि शेतीवरील गुंतवणूक वाढवण्याचे भारताने मान्य केले. त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष जॉन्सन भारताकडे येणाऱ्या गव्हाच्या जहाजांना थोड्या थोड्या मुदतीची मंजुरी देत राहिले, आणि दुष्काळाने ग्रासलेल्या आपल्या देशाला १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. वक्त्यांनी या धोरणबदलाचे सारे श्रेय फ्रीमन यांच्या पदरात टाकले, जे मला पटले नाही. सुब्रमण्यम यांचा कल आधीपासूनच त्या दिशेने होता. रोममध्ये त्यांच्यावर अटी लादल्या गेल्या असतील तरी त्यांतील बऱ्याच त्यांना स्वतःलाच हव्या होत्या, आणि १९६६ मध्ये १८,००० टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे मागवण्याचा धोका दिल्लीने पत्करला होता. हेच सुब्रमण्यम १९९० ते १९९३ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हा दुवा कोल्हापूरच्या श्रोत्यांपुढे कसा निसटला, याचे आश्चर्य वाटते.

सोबत दिलेले टिपण अवघे एका पानाचे असून त्यात सनावळीपलीकडे काही नाही. शुल्क पाहता रोम कराराच्या कलमांचा सारांश तरी त्यात हवा होता. प्रश्नोत्तरे मात्र मोकळेपणाने झाली, आणि उसाकडे वळलेल्या शिवारात धान्याची चर्चा कोण करणार, असे एका शेतकरी श्रोत्याने विचारले तेव्हा वक्त्यांनी ते टाळले नाही. पंखे पुरेसे आहेत, पण मागच्या रांगेत आवाज पोहोचत नसल्याने थोडे आधी जाऊन पुढची जागा धरावी.