डॉलिश की गुडरिंग्टन? समुद्राकाठची वाफेची गाडी शूट करायची तर

इंग्लंडात डेव्हनला जाऊन समुद्राकाठची वाफेची गाडी बघायचीये, हातात एकच दिवस आहे, डॉलिशला जाऊ की पेंटनला (गुडरिंग्टन त्याच्याच शेजारी), असं तिघाचौघांनी विचारलं म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. दोन्हीकडे उभा राहिलोय, दोन्हीकडे भिजलोय.

डॉलिश म्हणजे फोटोत बघतो तीच जागा. ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने १८४६ साली लाल कड्यांच्या पायथ्याशी, समुद्राला अक्षरशः खेटून लाइन टाकली. भरतीला वारा समुद्राकडून असला की लाटा थेट रुळांवर. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात तर भिंतच वाहून गेली नि रूळ हवेत लोंबकळत राहिले, दोन महिने लाइन बंद. आपली कोकण रेल्वे नावाने कोकणची, पण तिच्यातून समुद्र शोधावा लागतो, इथे खिडकीवर फवारे उडतात.

पण ही चालू मेन लाइन आहे हो. वाफेची गाडी इथे फक्त स्पेशल म्हणून येते, तीही उन्हाळ्यात मोजके दिवस, सकाळी एकदा जाणार, संध्याकाळी एकदा परतणार, चुकली की चुकली. त्यात एक गोम आहे. सकाळची, एक्झेटरकडून येणारी गाडी समुद्राकडच्या रुळावरून जाते, म्हणजे भिंतीवर उभे असाल तर अगदी नाकासमोरून. परतीची पलीकडच्या रुळावर, आणि तिथेच माझा पोपट झाला. दोन तास ट्रायपॉड लावून बसलो, शिट्टी ऐकू आली, धूर दिसला, रेकॉर्ड दाबलं आणि बरोब्बर तेव्हाच अलीकडून डिझेल लोकल घुसली! क्लिपमध्ये काय, तर खिडक्या आणि आत निवांत सँडविच खाणारे एक काका. शिवाय दुपारनंतर ऊन कड्यांमागे जातं आणि गाडी सावलीत काळीठिक्कर दिसते. तेव्हा इथे यायचं तर सकाळीच.

पेंटन ते किंग्सवेअरचा मामला वेगळा. जेमतेम ११ किमीची लाइन, १९७२ पासून जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या खाजगी हेरिटेज कंपनीकडे, सीझनमध्ये बहुतेक रोज बऱ्याच फेऱ्या, त्यामुळे पहिली क्लिप हलली तर पुढच्या फेरीला परत घ्या. पेंटनहून चालत गेलं तरी गुडरिंग्टनचा बीच येतो, तिथे रंगीबेरंगी बीच हट्स आणि वरून लिडम मॅनर किंवा हर्क्युलिस, त्या दिवशी जे इंजिन असेल ते. गुडरिंग्टन सुटलं की पुढच्या चर्स्टन स्टेशनपर्यंत चढ आहे, म्हणून जाताना इंजिन जीव तोडून ओढतं, तो छक-छक आवाज छातीत बसतो. येताना उतार, गाडी नुसती घरंगळत येते, आवाज शून्य. म्हणून आवाज हवा तर जाणारीच पकडा आणि सॉल्टर्न कोव्हच्या बाजूने पायवाटेवर उभे राहा, गाडी आणि समुद्र एका फ्रेममध्ये येतात. लाटा मात्र लांब, डॉलिशचा थरार नाही. ब्रॉडसँड्सच्या पुलानंतर तर लाइन आत वळते आणि थेट डार्ट नदीकाठी निघते.

दोन्हीकडे वाऱ्याचा त्रास सारखाच. मोबाइलच्या माइकवर नुसतं घूंऽऽ येतं, मी शेवटी पायातला लोकरीचा मोजा काढून माइकवर चढवला, लोक हसले पण आवाज सुधारला. आणि ऑगस्टच्या उकाड्यात वाफ जवळपास दिसतच नाही, थंड सकाळी मस्त पांढरे लोट दिसतात.

सोबत आईबाबा, पोरंबाळं असतील, पहिलीच वेळ असेल, तर डोळे झाकून गुडरिंग्टन. डॉलिश शूटिंगपेक्षा बघायलाच भारी, हे माझं मत. स्पेशलचा दिवस नेमका जुळला तर सकाळी डॉलिशला मोबाइल खिशात ठेवून ती बघा, मग पेंटनची थेट लोकल पकडा, अर्ध्याएक तासात पोचता, आणि दुपारी हवं तितकं शूट करा. मोजा धुतलेला न्या.