आजीच्या हातातली बाबागाडी : कात्रज, इमॅजिका आणि रोजचा फूटपाथ

नातू सात महिन्यांचा असताना ही स्ट्रोलर घरी आली. आता तो दोन वर्षांचा झालाय आणि गाडी अजून रोज वापरात आहे. सकाळी सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, रविवारी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात किंवा जंगली महाराज रस्त्यावर, आणि सुट्ट्यांमध्ये खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला. ढकलायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. स्ट्रोलरबद्दल लिहिणारे बहुतेक जण तरुण आईबाबा असतात. मोठ्या पार्कमध्ये मात्र आईबाबा राइडच्या रांगेत असतात आणि गाडीजवळ तीन-तीन तास आजी किंवा आजोबा असतात. त्यांच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

गाडी एका देशी कंपनीची आहे, आठ हजारांच्या आतली. वजन सात किलोच्या आसपास. ढकलायला एकच सलग आडवा दांडा, पाठ जवळजवळ आडवी होणारी, पाच ठिकाणी अडकणारा पट्टा, खाली सामानाची टोपली. घडी केली की ती आपली आपण उभी राहते. दुकानात या शेवटच्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण ज्यांची कंबर धरते त्यांनी हेच आधी पाहावं. आडवी पडणारी घडी दर वेळी वाकून उचलावी लागते, आणि रिक्षात बसताना-उतरताना ते किती वेळा होतं हे आठवडाभरात कळतं.

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी ओवेन मॅक्लारेन नावाच्या ब्रिटिश विमान अभियंत्याने बनवली. स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस. लेकीने जड प्रॅम घेऊन प्रवास करण्याचा त्रास सांगितला आणि त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची मिटणारी गाडी तयार केली, १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे ही युक्ती मुळात एका आजोबांचीच. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता ब्रेकबद्दल. माझं सगळ्यात जास्त म्हणणं त्यावरच आहे. आमच्या गाडीचा ब्रेक मागच्या चाकाजवळच्या पट्टीवर पाय दाबला की लागतो, आणि काढायचा असेल तर तीच पट्टी पायाच्या बोटांनी खालून वर उचलावी लागते. बूट घातलेल्या सुनेला काही वाटत नाही. मी चपलेत असते. पट्टीची कड अंगठ्याच्या नखाखाली बोचते, आणि साडी असेल तर काठ चाकात जाऊ नये म्हणून एका हाताने निऱ्या आवरायच्या. एकदा दाबला की लागतो, पुन्हा दाबला की सुटतो असाही ब्रेक मिळतो. नवी गाडी घेणार असाल तर चपला घालूनच दुकानात जा, ब्रेक चार वेळा लावून-काढून पाहा आणि मगच पैसे द्या. ब्रेक काढायला त्रासाचा असला की माणूस तो लावायचाच टाळतो, आणि कात्रजच्या उतारावर ते अजिबात परवडणारं नाही.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांत पसरलेलं आहे, त्यातले ४२ एकर तर तलावच. रस्ते बऱ्यापैकी गुळगुळीत, पण चढउतार पुष्कळ. सात किलोची गाडी, अकरा किलोचा नातू, वर पाण्याच्या बाटल्या. चढावर ढकलताना दम लागतो, पण खरी कसोटी उतारावर, कारण तिथे गाडी आपल्याला ओढते. मी दांड्याला एक मजबूत पट्टा बांधून घेतलाय, उतारावर तो मनगटात अडकवते. आत फिरवणाऱ्या बॅटरीवरच्या गाड्या आहेत, त्यात बाबागाडी घडी करून ठेवता येते. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं. शनिवार-रविवारी वाघाच्या खंदकापाशी एवढी गर्दी असते की गाडीत बसलेल्या मुलाला समोर फक्त माणसांचे पाय दिसतात. तिथे त्याला कडेवर घ्यावंच लागतं. माझा मुलगा लहान होता तेव्हा हे प्राणी पेशवे पार्कात होते. तेव्हा बाबागाडी कुणाकडे होती? फुलराणीच्या रांगेत मी त्याला कडेवर घेऊन उभी राहायचे, १९५६ पासून धावणारी ती छोटी आगगाडी त्यालाही वेड लावायची. तेव्हाची कंबर वेगळी होती.

इमॅजिकाला मात्र गाडीने स्वतःची पूर्ण किंमत वसूल केली. आत गेल्यावर रुंद, फरसबंद रस्ते. पुढची चाकं तिथे लोण्यासारखी फिरतात, मी एका हाताने ढकलते आणि दुसऱ्या हातात छत्री धरते. हे एका सलग दांड्यामुळे जमतं. दोन वेगळ्या मुठी असलेली गाडी एका हाताने ढकलली की तिरपी पळते. पण खरा उपयोग चालण्यापेक्षा थांबण्याचा झाला. नायट्रो या रोलर कोस्टरसारख्या राइडला उंचीची अट असते, लहान मुलांना नेता येत नाही. रांगेतल्या नागमोडी कठड्यांत गाडी शिरत नाही. मग मुलगा-सून आत, आणि मी नातवाला घेऊन बाहेर. अशा वेळी मुलाला स्वतःची एक जागा लागते. खायला बसायची, पाय पसरायची, दुपारी दीड वाजता सगळ्या गोंगाटात झोपायची. आमचा नातू ‘टबी टेक्स ऑफ’ नावाच्या राइडच्या हत्तीतून उतरला, दोन घास वरणभात खाल्ला आणि गाडीची पाठ आडवी करताच झोपला तो पावणेदोन तास. ज्या गाडीची पाठ नीट आडवी होत नाही तिच्यात मूल मान पुढे टाकून झोपतं. त्यातून लहान बाळाला श्वास घेणं अवघड होऊ शकतं. मान धरत नाही अशा तान्ह्या बाळासाठी तर पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी.

ऊन फार सांभाळावं लागतं. सिमेंटचा रस्ता तापला की गाडीत बसलेलं मूल आपल्यापेक्षा त्या तापलेल्या जमिनीच्या जवळ असतं. पुष्कळ जण ऊन लागू नये म्हणून गाडीवर सगळीकडून ओढणी किंवा दुपट्टा टाकतात. आत हवा कोंडते आणि पाहता पाहता भट्टी होते. कापड पातळ आहे म्हणून चालतं, असंही नाही. कृपा करून असं करू नका. छत पुढे ओढा, गाडी सावलीत न्या, दर थोड्या वेळाने मानेमागे हात लावून घाम पाहा. आमच्या गाडीचं छत तोकडं आहे, चारनंतरचं तिरपं ऊन थेट तोंडावर येतं. तेव्हा मी गाडीच उलटी फिरवते.

गाडी कुठे लावायची हाही एक विषयच आहे. माझी भाची फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला मुलांना घेऊन गेली होती. तिथे प्रत्येक राइडबाहेर गाड्या लावायची ठरलेली जागा असते. तिथले कर्मचारी गाड्या सरकवून ओळीत लावतात, त्यामुळे परत आल्यावर आपली गाडी ठेवल्या जागी सापडेलच असं नाही. १ मे २०१९ पासून ७९ सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा १३२ सेंटिमीटरपेक्षा लांब स्ट्रोलर तिथे आत नेता येत नाही, ओढायच्या वॅगनवर तर बंदीच आहे. लहान मुलासाठी आईबाबांनी आळीपाळीने राइड घ्यायची आणि दुसऱ्याने पुन्हा पूर्ण रांग लावायची नाही, अशीही सोय आहे. हे ऐकल्यावर आम्हीही तसंच करायला लागलो, फक्त आमच्याकडे दुसऱ्या पाळीलाही पूर्ण रांग लावावी लागते. भाचीचं पाहून मी दांड्याला जुन्या इरकलीचा जांभळा काठ गुंडाळला. एकसारख्या काळ्या-करड्या पन्नास गाड्यांत आपली लांबून ओळखू येते, आणि नातू स्वतःच बोट दाखवून ‘आपी’ म्हणतो, म्हणजे आपली. गाडी सोडून जाताना पाकीट, फोन, औषधं टोपलीत ठेवायची नाहीत.

दांड्याला जड पिशव्या लटकवू नका. मूल बसलेलं असतं तोवर तोल राहतो, त्याला उचललं की गाडी मागे उताणी पडते. बागेत हे मी दोन वेगवेगळ्या कुटुंबांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय, एकदा तर मूल अर्धवट पट्ट्यात होतं. आणि पायऱ्यांवर दोघांनी मिळून गाडी उचलताना पुढच्याने मुलासमोरचा आडवा दांडा धरायचा नाही. तो खाचेत नुसता अडकवलेला असतो, सुटून येतो. खालचा सांगाडा धरायचा. मूल जड असेल तर त्याला आधी कडेवर घ्यायचं, मग रिकामी गाडी.

गर्दीत चालताना पुढची चाकं लोकांच्या घोट्यांना लागतात. मुलाचे पायही पुढे असतात, म्हणजे लागलं तर दोघांनाही. मी दोन पावलांचं अंतर ठेवते आणि ‘जरा वाट देता का दादा’ असं आधीच म्हणते. लोक देतात, खरंच देतात. बाळ दिसलं की पुणेकर लगेच बाजूला होतो, वर दोन सल्लेही देतो.

मेट्रोत गाडी अगदी सहज जाते. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, सरकत्या जिन्यावर स्ट्रोलर कधीच न्यायची नाही. डब्यात शिरताना मी पाठमोरी जाते, मागची मोठी चाकं आधी आत, म्हणजे फटीत पुढची लहान चाकं अडकत नाहीत. सिव्हिल कोर्ट (आता जिल्हा न्यायालय) स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर खोल आहे, तिथे लिफ्टसाठी थांबायला लागलं तरी थांबावं. डेक्कनला उतरून जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फूटपाथवर आलं की जीव निवांत होतो. ज्या रस्त्यावर फूटपाथ एवढा रुंद आहे तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं बाहेर दिसतात. बाकी ठिकाणी पेव्हर ब्लॉक उचकटलेले, मध्येच विजेचा डीपी, आणि दुचाकी चढू नये म्हणून रोवलेले खांब. खांबांमधून गाडी जाते की नाही हे खांब बसवणाऱ्याने एकदा मोजून पाहायला हवं. एका बागेच्या दाराला एकेक माणूस आत सोडणारं फिरतं गेट आहे. तिथले रखवालदार प्रेमळ आहेत, म्हणतात, ‘आजी, बाळाला उचला आणि गाडी मिटवा.’ पण एकट्या माणसाने झोपलेलं मूल एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने गाडी कशी मिटवायची? बाजूचं छोटं फाटक कुलपात असतं. ते दिवसभर उघडं ठेवलं तर कितीतरी आया आणि व्हीलचेअरवरची माणसं तिथे येतील. मी दोनदा लेखी सांगून आले आहे, आणखीही सांगेन.

लक्ष्मी रोड, तुळशीबाग आणि गणपतीचे दहा दिवस, इथे गाडी नेऊच नये. गर्दी ढकलते तेव्हा खाली बसलेलं मूल कुणाला दिसत नाही. तिथे आईबाबांनी छातीशी कॅरियर बांधावा. खोपोलीच्या पावसातही गाडीचा फारसा उपयोग होत नाही. प्लास्टिकचं आवरण घातलं की पाणी थांबतं, पण आत दमट होतं आणि नातू रडतो. पावसाळ्यात इमॅजिका आम्ही टाळतो.

आता झीज. कापड टिकलंय, रंग उडालाय. पुढच्या चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळून चाक अडायला लागतं, महिन्यातून एकदा पिन घेऊन काढावे लागतात. तेल घालू नका, धूळ चिकटून आवाज वाढतो. सिलिकॉनचा स्प्रे बरा. पट्ट्याच्या बकलमध्ये बिस्किटाचा चुरा जाऊन घट्ट बसला की ‘टक्’ असा आवाज येत नाही. तो आला नाही तर पट्टा नीट लागलाच नाही असं धरायचं. कोमट पाण्याच्या धारेखाली बकल दाबत-सोडत धुतलं की चुरा निघतो. ओरखडे, डाग यांची मी फिकीर करत नाही, पण हा आवाज रोज ऐकते.

नातू आता निम्मा वेळ स्वतः चालतो, आणि उरलेल्या वेळात त्याला गाडी ढकलायची असते. हे वर्ष अजून ती लागेल, इमॅजिकाला तर नक्कीच. नंतर ती पुतण्याकडे जाईल, त्यांच्याकडे बाळ येतंय. पुढच्या चाकांची नवी जोडी आणि खांद्याच्या पट्ट्यांचे पॅड मी आत्ताच मागवून ठेवलेत, कारण जुन्या मॉडेलचे सुटे भाग नंतर मिळत नाहीत. ब्रेक तोच राहणार आहे. पुतण्याच्या सासूबाईंना मी आधीच सांगून ठेवलंय की गाडी चालवताना पुढून बंद असलेल्या सँडल घाला.