पळस्प्याहून सरळ, की कोल्हापूरचा वळसा?

नारळी पौर्णिमा झाली की भांडुपला आमच्या इमारतीच्या जिन्यात भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "औंदा खयसून जातलास?" म्हणजे यंदा गणपतीला गावी कुठल्या रस्त्याने जाणार? कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट ज्याच्या हातात आहे, त्याला या प्रश्नाशी देणंघेणं नाही. बाकी सगळ्यांना आहे. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. म्हणजे शनिवार-रविवार धरून आधीच निघणारे आणि सोमवारी कामावरून सुटून रात्रीच गाडी काढणारे, अशा दोन लाटा रस्त्यावर येणारच होत्या.

माझं गाव कणकवली तालुक्यात. दोन्ही वाटांनी मी गाडी नेली आहे: पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याहून मुंबई-गोवा महामार्गाने सरळ खाली, आणि कळंबोलीहून एक्स्प्रेस वे धरून पुणे, सातारा, कोल्हापूर करत शेवटी घाट उतरून. तेव्हा हे मुख्यतः खारेपाटणच्या खाली, दक्षिणेला राहणाऱ्यांसाठी, म्हणजे वैभववाडी, देवगड, कणकवली, मालवण, कुडाळकडच्यांसाठी. वरच्यांचं गणित वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

आधी सरळ रस्त्याची बाजू मांडतो, कारण त्याला ज्या शिव्या बसतात त्या सगळ्याच त्याने कमावलेल्या नाहीत. महाडच्या खाली बराचसा रस्ता आता काँक्रीटचा आणि चौपदरी आहे. कशेडीचा साधारण दोन किलोमीटरचा बोगदा २०२३ च्या गणपतीत एका बाजूने खुला झाला. त्याआधी घाटात एखाद्या भरलेल्या ट्रकमागे अडकलं की अर्धा-पाऊण तास सहज जायचा, ते दुखणं संपलं. आरवली ते लांजा या पट्ट्यात काम रेंगाळलंय आणि डायव्हर्जन आहेत. पण खारेपाटणची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात शिरलं की रस्ता इतका चांगला आहे की शेवटचा तास कसा गेला ते कळत नाही. शिवाय हा आपला, पायाखालचा रस्ता. महाडला सावित्रीवरचा नवा पूल आला की माझी आई अजूनही हात जोडते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल गेला, त्याबरोबर एसटी गेल्या, माणसं गेली. तिथून जाताना गाडीत कुणी बोलत नाही.

अडचण आहे ती वरच्या टप्प्यात, पळस्पे ते माणगाव. पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आता ती बारावीला आहे. पेण, वडखळपर्यंत परिस्थिती पूर्वीपेक्षा खूप बरी आहे, हे मान्य करायला हवं. कोलाड सोडलं की मात्र धाकधूक सुरू होते. इंदापूर आणि माणगावचे बायपास अजून पुरे झालेले नाहीत, त्यामुळे सगळी वाहतूक भर बाजारपेठेतून जाते. त्यात पुण्याहून ताम्हिणीने उतरलेल्या गाड्या माणगावात येऊन मिळतात, म्हसळा-श्रीवर्धनकडच्याही तिथेच. चार वाटांचं पाणी एका नळीत सोडल्यासारखं होतं.

यावर अर्धे उपाय दोन आहेत. एक्स्प्रेस वेने खोपोलीला उतरून पालीमार्गे वाकणला निघायचं. पेण-वडखळ टळतं, रस्ता ठीक आहे, आणि सरळच जायचं ठरलं असेल तर मी हेच सुचवेन. पण वाकणनंतर कोलाड, इंदापूर, माणगाव आहेच. दुसरा ताम्हिणी घाट. देखणा रस्ता, पण तो निजामपूरवरून नेमका माणगावात आणून सोडतो. ज्या कोंडीतून सुटायचं, तिच्याच तोंडाशी. पुणे-चिंचवडहून निघणाऱ्यांची गोष्ट निराळी, मुंबईहून मुद्दाम तिकडे वळण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा निर्णय झाला, ती सांगतो. ती तासांची नाही.

२०२२ साली आम्ही सोमवारी, २९ ऑगस्टला रात्री नऊला निघालो. हरतालिकेच्या दुपारपर्यंत घरी पोचून माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफुला-फळांची चौकट, बांधायची होती, कारण कवंडळ, हरणं, तेरडा ही रानातली फळं-फुलं आणून ठेवली तरी बांधायला घरातला पुरुष लागतो आणि काकांना आता शिडीवर चढवत नाही. पहाटे चारला कोलाड ओलांडलं. इंदापूरच्या पुढे गाडी उभी राहिली ती राहिलीच. आपल्या बाजूला एक रांग, समोरून येणारी एक, आणि मधल्या जागेत घुसलेल्यांची तिसरी. पावसाची रिपरिप, काचा धूसर, फर्स्ट गिअर टाकायचा, दहा फूट जायचं, न्यूट्रल. माझी आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची, मधुमेह आहे, बीपीसाठी लघवीची गोळी चालू. साडेपाचच्या सुमारास ती मागून हळू आवाजात म्हणाली, "रे, माका जरा उतरूक व्हया."

गाडी थांबलेली होती, पण थांबता येत नव्हतं. डावीकडे खोदलेला चर, त्यात गढूळ पाणी, पलीकडे तारेचं कुंपण. पुढे-मागे गाड्यांचे दिवे, सगळ्यांच्या काचेतून माणसं बाहेर बघत बसलेली. पुरुष चराच्या कडेला उभे राहत होते. बायकांनी कुठे जायचं? बायकोने छत्री उघडली, आईचा दंड धरला आणि दोघी रांगेच्या कडेकडेने चालत निघाल्या. मी स्टिअरिंगवर, त्यांच्या चालण्यापेक्षाही हळू. वीसेक मिनिटांनी रस्त्यालगतच्या एका घरातल्या बाईने त्यांना मागच्या दाराने आत घेतलं. नुसती मोरी दाखवली नाही, आईला पाय पुसायला पंचा दिला, चहा दिला. त्या बाईचं नावही आम्हाला माहीत नाही. आई गाडीत येऊन बसली आणि तिने पाण्याची बाटली पायाशी ठेवून दिली. पोलादपूर गेलं, कशेडी उतरलो, भरणे नाक्याला थांबलो, तोवर तिने फक्त दोन वेळा ओठ ओले केले. मधुमेहाचं माणूस पाणी प्यायला घाबरत होतं.

घरी पोचलो संध्याकाळी चारला. एकोणीस तास. माटवी शेजारच्या मुलांनी बांधून ठेवली होती.

मग २०२३ पासून कोल्हापूर. अंतर माझ्या गाडीच्या मीटरवर साधारण पन्नास किलोमीटर जास्त भरतं. इंधनाचे तीनेकशे रुपये अधिक धरा. टोल एरवी झोंबतो: एकट्या एक्स्प्रेस वेचे ३२० रुपये, पुढे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. पण गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचा पास मिळतो आणि तो या मार्गावरही चालतो. जवळच्या पोलीस ठाण्यातून किंवा आरटीओतून आधीच काढून काचेला लावून ठेवा. एका नाक्यावर पास असूनही आमच्या फास्टॅगमधून पैसे गेले होते, तेव्हा गाडी हळू करून पास हाताने दाखवलेला बरा.

हा रस्ता निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. खालापूर ते लोणावळा चढताना ट्रक तिन्ही लेन अडवून बसतात. जाताना आम्हाला खंबाटकी घाट चढावाच लागला, कारण जुना बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी आहे. साताऱ्याच्या खाली सहापदरीकरणाचं काम चालू आहे, कराडजवळ सर्व्हिस रोडवरून हळूहळू जावं लागतं. पण इथे गाडी मंदावते, खिळून राहत नाही. आणि दर थोड्या अंतरावर पेट्रोल पंप, ढाबा, हॉटेल आहे, जिथे बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबता येतं. सगळीच स्वच्छतागृहं स्वच्छ असतात असं नाही. पण दार आहे, कडी आहे, आत दिवा आहे. आईसाठी एवढं पुरेसं होतं.

वेळ मात्र पाळावी लागते. आम्ही पहाटे दोनला भांडुप सोडतो. ऐरोलीवरून कळंबोली, उजाडायच्या आत पुणे बायपास, खंबाटकीला झुंजुमुंजू होतं, नऊच्या आसपास कोल्हापूर. घाट भर दिवसा उतरता येतो, हा याचा सगळ्यात मोठा फायदा मला वाटतो. सरळ रस्त्यावर रात्रभर समोरच्याचे डिपर डोळ्यांवर घेऊन पावसात गाडी हाकायची आणि दमल्यावर पुढची वळणं घ्यायची, त्यापेक्षा हे शरीराला सोसतं. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं आम्ही बारा तासांच्या आत घरी होतो. कुणाला दहा लागले असतील, कुणाला चौदाही. मी माझं सांगतोय.

घाट कुठला, हा कोल्हापूरवाल्यांचा पुढचा वाद. २०२३ ला आम्ही गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीत उतरलो. तळेऱ्याला महामार्ग मिळतो, जवळचा रस्ता हाच. २०२४ मध्ये करूळ काँक्रिटीकरणासाठी बंद होता, तेव्हा नाइलाजाने राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट धरला आणि तो मला आवडूनच गेला. दाजीपूरच्या अलीकडे सकाळी दहाच्या धुक्यात एक गवा रस्त्याच्या कडेला उभा होता. अंगावरून पाणी निथळत होतं, पायात ते पांढरे मोजे घातल्यासारखे. मी इंजिन चालू ठेवून लांबच थांबलो. त्याने मान वळवून बघितलं आणि सावकाश रस्ता ओलांडला. मागच्या गाडीवाल्यानेही हॉर्न दिला नाही. या पट्ट्यात वेग ठेवू नका, हे गव्यांसाठी आणि आपल्यासाठीही.

आता करूळ पुन्हा चालू झालाय, रस्ताही नवा आहे. तरी गगनबावड्याचं धुकं फोंड्यापेक्षा दाट, असा माझा अनुभव. आणि पंचगंगेला पाणी चढलं की गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ खुद्द महामार्गच बंद झाला होता. तशी वेळ दिसली तर कोल्हापूरचा हट्ट सोडून सरळ रस्ताच धरावा, हे प्रामाणिकपणे सांगतो. भुईबावडा घाट खारेपाटणवाल्यांना सोयीचा, पण अरुंद. सावंतवाडी, बांद्याकडच्यांना आंबोली, फक्त रविवारी नको, धबधब्यावरची गर्दी रस्त्यावर येते. मी कराडला चहाला थांबलो की फोंड्याच्या मावसभावाला फोन लावतो, "घाट उघडो आसा मा?" दरड आली असेल तर मोबाइलवरच्या नकाशाआधी त्याला कळलेलं असतं. नकाशाचं निघालंच आहे तर एक: या बाजूला मलकापूर दोन आहेत, एक कराडला खेटून, दुसरं कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर. टाकताना बघून टाका.

आता वरच्यांचं. महाड, पोलादपूरवाल्यांना सरळ रस्त्याशिवाय खरा पर्याय नाही. वरंधा घाट पावसाळ्यात बहुधा बंदच असतो. त्यांनी निदान खोपोली-पाली-वाकण करावं आणि माणगाव पहाटेच्या आत गाठावं. चिपळूण, गुहागरकडच्यांना कराडहून कुंभार्ली, रत्नागिरी-लांज्याला आंबा घाट, राजापूरला अणुस्कुरा. रत्नागिरीपर्यंतच्यांना हा वळसा किती परवडेल हे घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे का, यावर ठरवा.

सागरी मार्गाचं काही जण विचारतात. भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत चढवून मांडवा, मग मुरूड, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड अशी जंगल जेटी, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटी, बदलत जायचं. दिवाळीनंतर दोन दिवस हाताशी ठेवून जरूर करा, त्यासारखं सुख नाही. चतुर्थीला वेळेवर पोचायला तो रस्ता नव्हे.

परतीला मात्र मी सरळ महामार्गानेच येतो. जाताना सगळ्यांना एकाच दिवशी पोचायचं असतं, येताना कुणी दीड दिवसाने निघतो, कुणी पाच, कुणी गौरीबरोबर, कुणी अकराव्या दिवशी. गौरी विसर्जनाचा दुसरा दिवस टाळला आणि कणकवली पहाटे सोडली तर माणगाव दुपारी सुसह्य असतं. इंदापूरच्या पुढे ते घर कुठलं होतं, हे आई दर वेळी काचेतून शोधते. गेल्या वर्षी तिला सापडलं. आम्ही उतरून घरच्या नारळांची जोडी आणि खाजं देऊन आलो.