बिशान–आंग मो किओ पार्क: बाग म्हणून नव्हे, नाला म्हणून पाहावा असा

सिंगापूरच्या बिशान–आंग मो किओ पार्कमध्ये शिरल्यावर सर्वांत आधी डोळ्यांत भरते ते हे की येथील नदीला कठडा नाही. हिरवळीचा उतार थेट पाण्यापर्यंत जातो, मुले दगडांवरून उड्या मारत पलीकडे पोहोचतात, आणि नाल्याच्या उंच भिंती पाहण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या माणसाच्या पोटात क्षणभर गोळा येतो. ६२ हेक्टरांच्या या उद्यानात प्रवेशशुल्क नाही. मात्र बागेच्या निकषांवर त्याचे मूल्यमापन केले, तर त्याचे अर्धे काम नजरेआड राहते.

कलांग ही सिंगापूरची सर्वांत लांब नदी. या भागात ती कित्येक वर्षे २.७ किलोमीटर लांबीच्या सरळ काँक्रीटच्या नाल्यातून वाहत होती आणि उद्यान तिच्याकडे पाठ करून बसले होते. २००६ साली तेथील जलप्राधिकरणाने, म्हणजे पीयूबीने, नाले आणि जलाशय लोकवस्तीशी जोडण्याचा ‘एबीसी वॉटर्स’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्याअंतर्गत उद्यान खाते आणि आतलिये ड्रायझाइटल ही जर्मन मुळांची रचनासंस्था यांच्या सहभागाने तो नाला फोडून ३.२ किलोमीटरची वळणदार नदी घडवण्यात आली. नव्या रूपातले उद्यान मार्च २०१२ मध्ये खुले झाले.

येथली खरी कारागिरी काठांमध्ये आहे, आणि ती सहजासहजी दिसत नाही. दगड, झाडांच्या फांद्यांच्या मोळ्या, मातीला धरून ठेवणारे कापड आणि स्थानिक वनस्पतींची मुळे यांच्या आधाराने माती बांधून ठेवण्याचे हे तंत्र उष्ण कटिबंधातल्या धुवाधार पावसात टिकेल की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणून २००९ मध्ये आधी एका छोट्या नाल्याच्या सुमारे ६० मीटर लांबीत निरनिराळ्या पद्धती करून पाहिल्या आणि त्यांतल्या टिकाऊ ठरलेल्या मुख्य नदीवर वापरल्या. गवत आणि झुडपे वाढत जातात तसा काठ आणखी मजबूत होतो, तर काँक्रीट पहिल्या दिवसापासून जुनेच होत जाते. काही पाहुण्यांना हे वाढलेले गवत अस्वच्छ वाटते. मला ती तक्रार मान्य नाही.

पूर सामावून घेण्याची रीत साधी आहे. जुन्या नाल्याची रुंदी १७ ते २४ मीटर होती; आता मोठ्या पावसात पाणी हिरवळीवर पसरून सुमारे १०० मीटर रुंद होऊ शकते, आणि त्यामुळे वहनक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली आहे. एरवी लोक जेथे डबा उघडून बसतात, ती हिरवळ म्हणजे नदीचाच राखून ठेवलेला भाग आहे. पाणी चढू लागले की दिवे, भोंगे आणि ध्वनिक्षेपकावरील सूचना लोकांना वर जायला सांगतात. कठडा नसण्याचे धाडस या इशाराव्यवस्थेच्या आणि उताराच्या भरवशावर केलेले आहे. केवळ हिरवळ उचलून दुसरीकडे नेली, तर ते धाडस अविचार ठरेल.

फोडलेले काँक्रीट फेकून न देता त्याची टेकडी रचली आहे, तिला ‘रिसायकल हिल’ म्हणतात. वर चढून संपूर्ण वळण पाहता येते. तळ्याचे पाणी वनस्पतींच्या वाफ्यांतून गाळून मुलांच्या जलक्रीडांगणाला पुरवण्याची व्यवस्थाही पाहण्याजोगी आहे. नशीब असेल तर पाणमांजरांचे कुटुंब दिसते.

उणिवाही आहेत. नदीकाठच्या मोकळ्या पट्ट्यात सावली कमी आहे, त्यामुळे दुपारी तेथे थांबवत नाही. खर्च ७.५ कोटी सिंगापूर डॉलरहून अधिक झाला, ही रक्कम प्रत्येक शहराला झेपणारी नाही. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की सिंगापूरमध्ये पावसाचे पाणी आणि मैलापाणी यांची वाहिन्यांची जाळी पूर्णपणे वेगळी आहेत. या पाण्याला वास येत नाही, तो त्या वेगळेपणामुळे. वनस्पतींच्या वाफ्यांचा वाटा त्यात पुष्कळच लहान आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने जे केले ते आठवणाऱ्याला ओढ्याला पसरायला जागा हवी हे वेगळे सांगावे लागत नाही. पण ज्या ओढ्यांत मैला थेट सोडला जातो, तेथे नुसते काठ हिरवे करून मुलांना पाण्यात उतरवता येणार नाही.

जायचे असेल तर बिशान मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर जावे, आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर अधिकच चांगले: गवत कोणत्या उंचीपर्यंत प्रवाहाच्या दिशेने आडवे झाले आहे ते पाहिले की पाणी कुठवर येऊन गेले ते कळते.